नानांनी न विकलेलं धाबं

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासरी असलेल्या बहिणीला माहेरी आणायचं, ही आमच्या खानदेशातली रीत. आणायला जो भाऊ जातो त्याला मुऱ्हाळी म्हणतात. दहा वर्षं मी मुऱ्हाळी म्हणून गेलो नव्हतो. दरवर्षी पुतण्याला पाठवायचो आणि कुणी विचारलं तर वखारीत काम आहे म्हणायचो. खरं कारण मला ठाऊक होतं, अक्काच्या नवऱ्याला ठाऊक होतं आणि तिच्या सासरच्या, धामणदरच्या, सगळ्या वस्तीला ठाऊक होतं, कारण भांडण वस्तीच्या देखतच झालं होतं.

नव्वद साल उजाडायला तेव्हा अजून दोन उन्हाळे होते. आखाजीला पाच दिवस असताना मी जळगावच्या स्टँडवरून सकाळची धुळे गाडी धरली, ती अक्काच्या पत्रामुळे. अक्का माझी मोठी बहीण. तिने पत्र पोस्टमनकडून लिहून घेतलं होतं आणि त्यात माझ्या तब्येतीची चौकशीसुद्धा नव्हती. धामणदरच्या नाल्यावर पाझर तलाव (पाणी अडवून जमिनीत मुरवण्यासाठी बांधलेला तलाव) होणार, वस्तीची एकोणीस घरं पाण्यात जाणार. ज्यांची घरं जातील त्यांना नव्या गावठाणात प्लॉट मिळणार होते. पण कागदावर धामणदर सावरपाट गावाची वस्ती नव्हतीच. ती शेजारच्या काळटेक गावाच्या गायरानातलं अतिक्रमण होती. अतिक्रमणवाल्यांना प्लॉट नाही. प्रांतसाहेब मंगळवारी स्वतः जागा बघायला येणार होते. शेवटची ओळ अशी होती: ‘तू घरं ओळखतोस असं लोक म्हणतात. खरं असेल तर ये.’

मी घरं ओळखतो, हे खरं आहे. माझी जुन्या लाकडाची वखार आहे. असोद्याहून सायकलच्या मागे दोन चौकटी बांधून जळगावात आणल्या आणि विकल्या, तिथून सुरुवात केली. आज पडलेल्या घराची एक कडी (छपराचं आडवं लाकूड) दाखवा, घर किती खणांचं होतं आणि मालकाची ऐपत काय होती हे मी सांगतो. पण सरकारी माणसापुढे माझ्या सांगण्याला किंमत नाही, हेही मला कळतं. म्हणून तायडेभाऊंना बरोबर घेतलं.

तायडेभाऊ दीपनगरला वीज केंद्राच्या वसाहतीत राहत. ड्राफ्ट्समन म्हणून आयुष्य घालवून नुकतेच निवृत्त झाले होते. आमची ओळख एका दरवाजावरून झाली. माझ्या वखारीतला एक कोरीव दरवाजा त्यांना हवा होता. ते दिवसभर समोर स्टूल टाकून बसले, आवाज चढवला नाही, एक पैसाही वाढवला नाही आणि संध्याकाळी मी सांगितलेल्या निम्म्या भावात दरवाजा घेऊन गेले. माझ्या उभ्या आयुष्यात मला असं हरवणारा तो एकच माणूस. मी पत्र दाखवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “नकाशात वस्ती आहे का?”

“आहे. पण दुसऱ्याच्या हद्दीत.”

“चला,” ते म्हणाले. “आमच्या गावच्या नकाशात आमची वस्ती नव्हतीच. नुसती पांढरी जागा. नकाशे काढायला मी त्यापायीच शिकलो.”

एरंडोल गेलं तरी गाडीत उभंच राहावं लागलं. पारोळ्याला जागा मिळाली. तायडेभाऊ खिडकीशी बसले आणि मला गावं वाचून दाखवू लागले. मी घर आतून ओळखतो, ते बाहेरून. “हे गाव बघा,” ते म्हणाले. “घरांचे दरवाजे कुठे तोंड करून आहेत? चावडीकडे. आता पलीकडे ती वेगळी ओळ बघा. तिच्याकडे गावातल्या एका तरी घराची खिडकी आहे का? सगळ्यांची पाठ. गावकूस पडून जमाना झाला, पण भिंत कुठून कुठवर होती ते या पाठींवरून आखता येतं. ती ओळ आमच्या लोकांची.”

त्यांनी ते असं सांगितलं, जसं मी सांगतो की ही कडी सागाची आणि ती निंबाची. मी विषय बदलला आणि त्यांना नानांचं भांडण सांगितलं.

नाना म्हणजे अक्काचे यजमान. धामणदरला त्यांच्या आजोबांचं एक घर बंद पडून होतं. धाब्याचं घर, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं. आत कुणी राहत नव्हतं. पण खाली सागाचे सर (तुळया) असे, की जळगावात एकेकाला गिऱ्हाईक धावत यावं. दहा वर्षांपूर्वी मी मुऱ्हाळी म्हणून गेलो आणि जेवायला बसल्यावर ते घर मागितलं. नाना नाही म्हणाले. मी भाव वाढवला. नाही. पुन्हा वाढवला, पुन्हा वाढवला. तीनदा मी सख्ख्या बापासाठीही वाढवत नाही. तेव्हा ओट्यावर बसलेल्या सगळ्यांच्या देखत नाना म्हणाले, “शेठ, तू घरं मोडून जगतोस, आम्ही घरात जगतो. आपला सौदा जमायचा नाही.” लोक हसले. मी ताटावरून उठलो.

“जेवण राहिलं?” तायडेभाऊंनी विचारलं.

“अर्धं.”

“मग?”

“मग काय, त्या वस्तीतलं इतर सगळं लाकूड मी विकत घेतलं.” आणि घेतलंही होतं. माझा माणूस दरवर्षी तिकडे जायचा. लोक धाबं उतरवून सर-कड्या द्यायचे आणि बदल्यात नवे पत्रे घ्यायचे. नानांना दिसावं, की सारी वस्ती शहाणी आहे आणि ते एकटेच वेडे. तायडेभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले.

धुळ्याला साक्रीची गाडी लागलेली होती. आम्ही सामान आत ठेवलं आणि मी आंबे घ्यायला उतरलो. हातगाडीवाला वर पिकलेले आणि खाली कच्चे लावून विकत होता. मी करंडी उपडी करून ते चारचौघांना दाखवलं, तो माझ्या अंगावर आला, मी त्याच्या. तायडेभाऊ सोडवायला खाली उतरले. आमचं आटोपेपर्यंत साक्रीची गाडी निघून गेली होती. माझी पिशवी गेली, तिचं काही नाही. पण तायडेभाऊंची पत्र्याची नळी गेली. तिच्यात त्यांचे कागद, फूटपट्ट्या, सगळं होतं.

मी कपाळाला हात लावला. त्यांनी माझ्या हातातला आंबा घेऊन नीट पाहिला आणि म्हणाले, “आंबे मात्र चांगले निवडलेत.” मग आम्ही स्टँडसमोरच्या खानावळीत शेवभाजी खाल्ली. इतकी जहाल, की भांडणाचा राग जिभेवरच जळून गेला. पुढच्या गाडीने निघालो. कुसुंबा गेलं, नेर गेलं. साक्रीला कंट्रोलरकडे चौकशी केली, तर आधीची गाडी तशीच नवापूरला पुढे गेली होती. “परत येईल तेव्हा बघू,” तो म्हणाला. तायडेभाऊंनी बाजूच्या दुकानातून सिमेंटच्या चार रिकाम्या कागदी गोण्या आणि एक टेप मागून घेतला.

साक्रीहून काळ्या-पिवळ्या जीपने सावरपाट. तिथून धामणदर पाऊण तास पायी. टेकडी चढून वर आलो आणि वस्ती दिसली. दिसली म्हणजे डोळ्यांवर आली. उन्हात सगळे पत्रे चकाकत होते. एक, दोन, असे अठरा. मधोमध एकच घर मातीच्या रंगाचं, सपाट, गप्प बसलेलं. आणखी जवळ गेलो तेव्हा पत्र्यांच्या कोपऱ्यांत लाल फुली दिसली. चोरीला जाऊ नयेत म्हणून माझ्या वखारीतल्या प्रत्येक पत्र्यावर मी शेंदरी रंगाची फुली मारतो. नानांच्या राहत्या घराचे पत्रे जुने, ते सोडले तर पत्र्याच्या प्रत्येक घरावर माझी फुली होती.

अक्का दारात उभी होती. दहा वर्षांत केस पांढरे झाले होते, आवाज तोच. “उना का रे भाऊ? दहा वरीसमा आज रस्ता सापडना तुले!” (आलास का? दहा वर्षांत आज तुला रस्ता सापडला!) मग तायडेभाऊंकडे बघून, “या भाऊ, हातपाय धुवा. याले मी नंतर बघस.” नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी मला “या शेठ” म्हटलं आणि तंबाखू मळत राहिले. एवढंच.

चहा झाल्यावर नानांनी मोजणीचा कागद पुढे केला. धामणदरविषयी त्यात एकच ओळ होती: ‘सदर जागी अलीकडील पत्र्याच्या झोपड्या असून त्या काळटेक शिवारातील गायरानात आहेत.’ माझा पारा चढला. झोपड्या! ज्या घरांचे सर मी जुनेपणाचं कौतुक सांगून विकले, त्या झोपड्या? मी त्या मोजणीवाल्याच्या सात पिढ्या काढल्या. माझं झाल्यावर तायडेभाऊ हळूच म्हणाले, “त्यानं जे पाहिलं ते लिहिलं. पत्रे कुणी घातले?”

नानांना बोलायचा हक्क होता. ते नुसते तंबाखू मळत होते. वस्तीच्या जुनेपणाचा पुरावा गाडीत घालून मीच जळगावला नेला होता आणि खिडक्या-दारांच्या भावात विकून टाकला होता. कारण एकच, की एका माणसानं मला त्याचं घर विकलं नाही.

दुसरा दिवस मोजण्यात गेला. तायडेभाऊंनी गोण्यांचे कागद उसवून जमिनीवर पसरले आणि वस्तीचा नकाशा काढला. टेपचं एक टोक मी धरलं. कोणतं दार कोणीकडे उघडतं, कोणत्या गल्लीचं पाणी कुठे वाहतं, सगळं ते लिहीत होते. एकोणीसही घरांची दारं सावरपाटच्या वाटेकडे होती. काळटेकच्या बाजूला एक दार नाही, एक पायवाट नाही. “घर ज्याच्याकडे तोंड करतं त्याचं असतं,” ते म्हणाले. “पण साहेब म्हणतील, वाऱ्यासाठी केलं असेल. आणखी पाहिजे.”

संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही नानांच्या त्या बंद घराच्या धाब्यावर चढलो. पाय ठेवल्याबरोबर कळलं, की छपरावर यंदाची ताजी खारी घातलेली आहे. खारी म्हणजे पांढरट, चिकट माती. पावसाआधी ती धाब्यावर पसरतात, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. मी खाली वाकून ओरडलो, “नाना, आत कुणी राहत नाही. मग दरवर्षी खारी कशाला?”

नाना शिडी चढून वर आले. दहा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्याशी सरळ बोलले. “ज्याच्या धाब्यावर खारी पडते त्याची जागा. एक वर्ष चुकलं की शेजारचा म्हणतो, यांनी गाव सोडलं. माझ्या आजाला त्याच्या बापानं सांगितलं होतं, पोटाला नसलं तरी चालेल, पण खारी घाल.”

“आणि ती आणता कुठून?”

“आपल्या गावच्या खाणीतून. दुसऱ्या गावची खारी आणली तर डोकी फुटतात.”

तायडेभाऊ कठड्याच्या कोपऱ्यात उकिडवे बसले होते. पन्हळीकडे पाणी वाहून माती धुऊन जाते, पण कोपऱ्यात ती टिकते. त्यांनी नानांना विचारून खुरप्याने तिथे एक उभा काप घेतला. आत पानाच्या विड्यासारखे थर होते. पांढरा, मग धुळीची काळसर रेघ, मग पांढरा. कोणताही थर नखाहून जाड नाही. ते सुईने एकेक मोजत गेले. बावन्नपर्यंत मोजले, त्याखालचे थर एकमेकांत मिसळून गेले होते. “बावन्न वर्षं तरी,” ते म्हणाले. “त्याच्या आधीचं ही माती स्वतःपाशी ठेवून बसली आहे.” आणि गोणीच्या कागदावर तो काप जसाच्या तसा काढला, बावन्न रेघांसकट.

मंगळवारी प्रांतसाहेब आले. तरुण होते, डोक्यावर टोपी, पायात धुळीने माखलेले बूट. त्यांच्याबरोबर मोजणीवाला आणि काळटेकची पाच-सहा मंडळी. त्यांच्यात पुढे होते काळटेकचे आबा. पांढरा फेटा, हातात काठी, ताठ कणा. धामणदर काळटेकच्या गायरानात ठरलं, तर बुडणाऱ्या गायरानाच्या बदल्यात काळटेकला दुसरी जमीन मिळणार होती. म्हणून ते आले होते.

मोजणीवाल्याने नकाशा उघडला. दोन गावांची शीव नाल्याने जात होती आणि आजचा नाला वस्तीच्या अलीकडून, सावरपाटच्या बाजूने, वाहत होता. म्हणजे वस्ती पलीकडे, काळटेकमध्ये. नाना म्हणाले, नाला जुन्या पुरात सरकला. साहेब म्हणाले, “पुरावा? समोर तर सगळे पत्रे दिसतात.”

मी पुढे झालो. साहेबांना बंद घरात नेलं, कंदील धरला आणि सर दाखवले. वासल्याचे (सुताराच्या तासणीचे) घाव, लाकडी खुंट्या, एकही लोखंडी खिळा नाही. चांगली दहा मिनिटं बोललो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “लाकूड जुनं आहे, मान्य,” ते म्हणाले. “पण लाकूड बाजारात मिळतं. तुमचा धंदाच आहे ना तो? उद्या हेच सर तुम्ही गुजरातेत चढवाल. मग ते घर तिथलं होईल का?”

माझ्याच धंद्याने माझं तोंड बंद केलं. अक्का दारात उभी होती. तिचा चेहरा मी बघितला नाही.

“साहेब,” तायडेभाऊ म्हणाले, “लाकूड फिरतं. माती फिरत नाही. वर चला.”

साहेब बूट काढून शिडी चढले. ते मला आवडलं. तायडेभाऊंनी काप दाखवला, कागदावरचं चित्र दाखवलं. साहेबांनी स्वतः सुई घेऊन वीसेक थर मोजले आणि मान हलवली. “घर जुनं आहे. हे मी लिहितो. पण जुनं म्हणजे सावरपाटचं, असं कसं?”

तेव्हा मी मान वर केली आणि मला ते दिसलं. त्या धाब्यावरून दोन्ही गावं दिसत होती. उगवतीला सावरपाट, मावळतीला काळटेक. सावरपाटचे धाबे चुन्यासारखे पांढरे. काळटेकचे पिवळसर, हरभऱ्याच्या पिठासारखे. दोन खाणी, दोन रंग. आणि आमच्या पायाखाली पांढरं.

पण हे मी सांगितलं असतं, तर साहेबांनी पुन्हा पुरावा मागितला असता. मी व्यापारी आहे. आपल्याला हवा तो भाव आपण बोलायचा नसतो, समोरच्याच्या तोंडून काढायचा असतो. मी कठड्यावरून खाली बघितलं आणि आबांना म्हणालो, “आबा, एक खरं सांगा. ही धामणदरची माणसं आजवर तुमच्या खाणीतली खारी चोरून आणत आली ना?”

आबांचा फेटा हलला. “कोण म्हनस?”

“सगळेच म्हणतात. काळटेकची माणसं भोळी, धामणदरवाले पाट्याच्या पाट्या उचलून नेतात.”

काठी जमिनीवर आपटली. “आमना खाणनी एक पाटी बी कोणी लई गया नही! हात लावाले हिंमत शे का यासनी?” (आमच्या खाणीतली एक पाटीही कुणी नेली नाही! हात लावायची हिंमत आहे का यांची?)

“पण वस्ती तुमच्या शिवेत. मग खारीवर हक्क पडतोच की त्यांचा.”

“कसाना हक्क? यासनी खारी सावरपाटनी, यासनी होळी सावरपाटनी, यासनं बठ्ठं सावरपाटनं शे! माना आजाना येळपाईन!” (कसला हक्क? यांची खारी सावरपाटची, होळी सावरपाटची, यांचं सगळंच सावरपाटचं आहे! माझ्या आजोबाच्या वेळेपासून!)

त्यांच्या मागच्या माणसाने त्यांचं धोतर ओढलं. उशीर झाला होता. साहेब कठड्याशी येऊन उभे होते. “आबा,” त्यांनी विचारलं, “हे लिहून घेऊ?”

आबांनी वर पाहिलं. काय निसटलं ते त्यांच्या ध्यानात आलं, हे मला वरूनही दिसलं. मागचे लोक कुजबुजू लागले, म्हातारं चळलंय म्हणा, रागात बोललं म्हणा. आबांनी त्यांना काठीनेच गप्प केलं. “बोलनू ते बोलनू,” ते म्हणाले. “खोटं नही बोलनू. लिव्हा.” (बोललो ते बोललो. खोटं नाही बोललो. लिहा.)

साहेबांनी उगवतीला पाहिलं, मावळतीला पाहिलं, वाकून पायाखालची चिमूटभर माती उचलली आणि बोटांवर चोळली. मग तिथेच, धाब्यावर मांडी घालून, पंचनामा लिहायला घेतला. नाल्याने पात्र बदलल्याचं दिसतं, वस्ती पूर्वापार सावरपाटची, घरं एकोणीस. तायडेभाऊंचा गोणीवरचा नकाशा त्यांनी घडी करून पंचनाम्याला जोडला. खाली पहिली सही आबांची झाली. सही करून ते माझ्याजवळ आले आणि बारीक डोळे करून म्हणाले, “तू येपारी शेस का रे?”

“हो.”

“मले वाटनंच,” ते म्हणाले आणि अक्काकडे पाणी मागून प्याले.

जीप गेल्यावर वस्तीत कुणी ओरडलं नाही, नाचलं नाही. लोक आपापल्या ओट्यांवर बसले. एका म्हातारीने रडून घेतलं. माझी पाठ दुपारपासून कठड्यासारखी ताठ होती, ती आत्ता कुठे सैल झाली. ताप उतरताना घाम येतो, तसं वाटत होतं. अक्काने खापरावरची पुरणपोळी केली (उलट्या मातीच्या भांड्यावर भाजलेली, परातीएवढी मोठी आणि पातळ) आणि आमरस. धुळ्याच्या भांडणातले आंबे तिने त्याच रसात घातले. माझं ताट नेमकं त्याच खांबाशी मांडलं, जिथून मी उठलो होतो. “आते उठनास तर तंगडी मोडसू,” ती म्हणाली. (आता उठलास तर तंगडी मोडीन.)

अर्ध्या जेवणात नाना म्हणाले, “शेठ, पाणी यायच्या आधी ते घर उतरवावं लागेल. तूच उतरव. परक्या हातानं नको.”

“सर विकायचे नाहीत,” मी म्हणालो. “नव्या गावठाणात तुमच्याच घरावर चढवायचे. मी चढवून देतो.”

“आणि वर काय घालू? खारीची खाण पाण्यात चालली.”

तायडेभाऊंनी पोळीचा तुकडा रसात बुडवला आणि गंभीरपणे म्हणाले, “पत्रे घाला. यांच्याकडे बरे मिळतात, लाल फुलीचे.” नानांना ठसका लागला. हसता हसता त्यांनी माझ्याच पाठीवर हात ठेवला आणि दहा वर्षांचा हिशेब तिथे मिटला. दोघांपैकी कुणी माफी मागितली नाही. आम्हाला ती येत नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काला घेऊन निघालो. तिच्याबरोबर कपड्यांचं गाठोडं होतं आणि एक भरलेली गोणी. गोणीला हात लावल्यावर मी विचारलं, “हे काय?” ती म्हणाली, खारी. पाण्यात जाण्यापेक्षा तुझ्याकडे येऊ दे. परक्या गावाला खारी द्यायची नाही, ही रीत मी साहेबांसमोर आबांकडून वदवून घेतली होती, म्हणून नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, “खाण आमची. आम्ही ठरवू कुणाला द्यायची.”

साक्रीला कंट्रोलरच्या टेबलाखाली तायडेभाऊंची नळी आणि माझी पिशवी सुखरूप होती. नळी नवापूरला जाऊन परत आली होती. धुळ्याच्या गाडीत कंडक्टरने गोणीचं तिकीट मागितलं. “मातीचं कसलं तिकीट?” म्हणून मी उभा राहिलो. अक्काने माझा सदरा ओढून मला खाली बसवलं. मी तिकीट घेतलं. तायडेभाऊंनी त्या क्षणाची नोंद करायला नळीतून कागद काढल्यासारखं केलं.

तायडेभाऊंना भुसावळ गाडीत बसवून आम्ही घरी आलो. वखारीच्या फाटकातून आत शिरलो आणि रचलेल्या कड्यांपुढे मी थांबलो. शंभर घरांचं लाकूड तिथे पडलं होतं. त्यातलं धामणदरचं कोणतं, मला सांगता येईना. मी, ज्याला घर ओळखता येतं. दुसऱ्या दिवशी डांबराचा डबा आणला. तेव्हापासून जे घर उतरवतो त्याच्या प्रत्येक कडीवर गावाचं नाव लिहितो, आणि दार कोणीकडे होतं तेही. गिऱ्हाइकं हसतात. भावात फरक पडत नाही.

अक्का मात्र त्या दिवशी घरात आल्या आल्या गोणी घेऊन जिना चढली. माझं घर सिमेंटचं, वर स्लॅब. कोपऱ्यात तडा गेलेला, दर पावसाळ्यात गळणारा. मी मागोमाग गेलो. तिने पदर खोचला होता आणि खारी पाण्यात कालवून ती तड्यावर पसरत होती, पायाने दाबत.

“अक्का, स्लॅबला खारी लागत नाही,” मी म्हणालो.

“धाबं ते धाबं,” ती म्हणाली. मान वर केली नाही. “खारी टाकी दिन्ही. आते हाई बी आमनं शे.” (खारी टाकली. आता हेही आमचं.)

मी वाद घातला नाही. जिन्यावर माती सांडली होती, ती तेवढी झाडून घेतली.